तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं स्टेरॉइडमुळेच ना?

हळदीकुंकवाला, लग्नात, जिन्यात मी दम खायला थांबले की हमखास हा प्रश्न येतो. "तुम्हाला कोविडमध्ये स्टेरॉइड दिलं होतं ना? मग त्याचंच हे." विचारणाऱ्याने निकाल आधीच लावलेला असतो, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो. तो मी देत नाही.

एप्रिल २०२१. माझा ऑक्सिजन ८८ वर आला तेव्हा दवाखान्यात खाट मिळाली हेच नशीब. त्या टप्प्यावर विषाणूपेक्षा आपलीच बिथरलेली प्रतिकारशक्ती फुफ्फुसांना जास्त सुजवते. मला दिलेलं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, ती सूज आवरतं. कोविडवरची औषधं रुग्णांवर तपासणाऱ्या ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचे निकाल जून २०२० मध्येच आले होते: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतले एक पंचमांशाने. डोस रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. माझा भाऊ रेमडेसिविर या विषाणूवरच्या इंजेक्शनसाठी रात्रभर रांगेत उभा होता, आणि जीव वाचवण्याचा भक्कम पुरावा होता तो या स्वस्तातल्या जुन्या औषधाचा. याचं मला आजही हसू येतं आणि रागही येतो.

आता स्टेरॉइडच्या नावावर काय लिहायचं ते लिहितेच. झोप उडाली. पहाटे तीनला टक्क जागी, आणि भूक अशी की शेजारच्या खाटेवरच्या मावशींच्या बिस्किटांवर माझा डोळा. साखर कधी नव्हती ती जेवणानंतर तीनशेपार गेली. दिवसातून चारदा बोट टोचायचे, पोटात इन्सुलिन द्यायचे. औषध थांबल्यावर ती हळूहळू उतरली. सगळ्यांचीच उतरते असं नाही. त्याच मे महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे 'काळ्या बुरशी'ने, डोळे आणि जबडे गेले, त्यात न आवरलेली साखर आणि सढळ हाताने दिलेली स्टेरॉइडं यांचा मोठा वाटा होता. ऑक्सिजन ९७ असताना, नुसत्या तापावर, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी चिठ्ठी बघून घरच्या घरी गोळ्या सुरू करणारे मी पाहिलेत. त्यांच्याबाबत तुमचा संशय अगदी रास्त आहे.

पण दम? तो फुफ्फुसांवरच्या व्रणांचा आणि आजाराने खंगलेल्या शरीराचा. दूध गॅसवर ठेवून विसरणं, बोलता बोलता नेमका शब्द न सापडणं, दुपारी अंगातलं पाणी काढून घेतल्यासारखी गळून पडणं, हे तर दवाखान्याचं तोंडही न पाहिलेल्या, स्टेरॉइडचा एक डोसही न घेतलेल्या माझ्या मैत्रिणीलाही होतं. फणीत गुंतवळ यायला लागलं ते घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी. मोठ्या तापानंतर केस असेच उशिरा गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. माझे आले, पांढरे जास्त.

मांड्यांचं मात्र वाटून घ्यावं लागेल. देवासमोरच्या पाटावरून उठताना भिंत धरावी लागायची. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू झिजतात हे खरं, पण दिवसचे दिवस खाटेवर पडून राहिल्यानेही झिजतात. किती कुणामुळे, हे माझ्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, रोज, कंटाळा येईपर्यंत. आता पाटावरून उठते. दोन जिने चढते, तिसऱ्याला थांबते.

एक गोष्ट तेवढी तुम्ही विचारत नाही, ती मी आपणहून सांगते. स्टेरॉइड घेतल्यानंतर काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागलं, मांडी घालून बसताना कळ आली, तर "वय झालं" म्हणून बाम चोळत बसू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटायला लागलेला असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. हाडांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा कोविडमधलं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. कुठलं स्टेरॉइड, किती आणि किती दिवस, ते त्यावर असतं.