एमजीबी नोंद 14: अठराव्या मिनिटाला बंद

गाडी, म्हणजे आमची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, चालली. सलग एक तास दहा मिनिटं, एकदाही न अडखळता. आधी हे सांगून टाकतो, कारण यापुढे माझी शोभा आहे.

मागच्या दोन नोंदींतलं रडगाणं तुम्हाला ठाऊक आहेच. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, चोक आत ढकलला की आयडल छान. रस्त्यावर काढली की अठरा-वीस मिनिटांनी आचके द्यायला लागते, ऍक्सिलरेटर दाबावा तर आणखी गुदमरते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही.

कार्ब्युरेटरचे निम्मे रोग डिस्ट्रिब्युटरमध्ये (सिलिंडरांना स्पार्क वाटून देणाऱ्या भागात) असतात या मताचा मी, त्यामुळे पहिला संशय त्यातल्या कंडेन्सरवर. दोनदा बदलला. हल्लीचे नवे कंडेन्सर इतके भुक्कड येतात की जुना काढून नवा लावण्यापूर्वी मी हात जोडतो. पॉइंट्सची, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांची, गॅप पुन्हा 15 थाऊ (इंचाचे हजारांश) केली, रोटर आर्म बदलला. शेवटी थोरल्याने डोकं चालवलं. टायमिंग लाइटची (स्पार्कगणिक लुकलुकणाऱ्या दिव्याची) क्लिप कॉइलच्या मुख्य वायरीवर लावली, लाइट डॅशबोर्डला चिकटपट्टीने बांधला आणि तसेच निघालो. इंजिन मेलं, चाकांच्या ओढीने फिरत राहिलं, तरी लाइट अगदी शेवटपर्यंत लुकलुकत होता. म्हणजे स्पार्क निर्दोष. पेट्रोलच पोचत नव्हतं.

इथे मी घसरलो. बी-सिरीजच्या, म्हणजे या गाडीच्या इंजिनाच्या, हेडला कार्ब आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर थेट तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर. मग वेपर लॉकच (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) असणार, दुसरं काय? फ्लोट बाउलवर (कार्बच्या पेट्रोलच्या वाटीवर) आणि पाइपवर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, की गाडी सुरू. प्रत्येक वेळी! इतका लख्ख पुरावा असताना कोण शंका घेईल? दोन शनिवार-रविवार घालवून ॲल्युमिनियमची नवी हीट शील्ड कापली, घासली, बसवली. दिसते देखणी. गाडी अठराव्या मिनिटाला बंद.

पंपाकडेही पाहिलं होतं. एसयूचा पंप बोलका असतो. किल्ली फिरवली की टकटकटक, फ्लोट बाउल भरले की गप्प, मग अधूनमधून एखादी टक. पाइपात हवा शिरत असेल तर घाईघाईने टकटकत सुटतो. आमचा मात्र बंद पडण्याच्या सुमारास एकेक टक रेटून काढायचा, जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखा. मी पॉइंट्स साफ केले, टाकीपासूनचे सगळे बँजो (पाइपांचे जोड) उघडून पुन्हा बसवले. हातोडीच्या दांड्याने दोन टोले द्यायचा प्रघातही पाळला.

सुटका झाली ती धाकटीच्या वहीमुळे. ती अकरा वर्षांची, आणि पेट्रोलचा काटा अजून मेलेला असल्यामुळे टाकीत वाकडी तार घालून पातळी मोजायचं खातं तिच्याकडे आहे. गाडी बंद पडली की आधी तिची तार, मग आमची चर्चा. तिची नोंद जशीच्या तशी:

“18 मि. बंद. टाकी अर्धी. झाकण उघडताना सूंऽऽ. ओलं फडकं. 11 मि. सुरू.”

असं चार वेळा. चारही वेळा ते सूंऽऽ. पाचव्या खेपेला ती सोबत नव्हती, त्यामुळे झाकण कुणी उघडलंच नाही. त्या दिवशी फडकं तीनदा भिजवलं, तरी गाडी मिनिटभर चालून बंद पडत होती आणि शेवटी आम्ही दोर बांधून ओढत आणली. मी दोष उन्हाला दिला होता. ती म्हणाली, “बाबा, मी सांगितलं होतं ना, टाकी उसासा टाकते म्हणून.” सांगितलं होतं. तेव्हा मी फडकं पिळत होतो.

टाकीत हवा जायला वाटच नव्हती. पेट्रोल कमी होईल तशी आत पोकळी वाढत जायची आणि पंपाला त्याविरुद्ध ओढावं लागायचं. झाकण उघडलं की टाकी मोकळी, आणि श्रेय ओल्या फडक्याला. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हे आहे: पंपाचा प्रवाह हळूहळू मंदावत असेल तर टाकीचं झाकण काढून पाहा. त्या पानावर माझ्याच ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे.

आणि झाकण बदललं कोणी? मीच, नवव्या नोंदीत. जुन्याचा क्रोम उडाला होता, म्हणून नवं चकचकीत मागवलं. खोक्यावर लिहिलेलं, सगळ्या एमजीबींना चालतं. बसतं सगळ्यांना, चालत नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या गाड्यांच्या टाकीला श्वास घ्यायला कोळशाचा कॅनिस्टर आहे, त्यांना बिनछिद्राचं झाकण हवंच. आमच्या 1966 च्या रोडस्टरला छिद्राचं लागतं. पुरवठादाराला कळवलं, तर उत्तर आलं की अशी तक्रार पहिल्यांदाच येते आहे. नेहमीचंच. जुनं खड्डे पडलेलं झाकण भंगाराच्या डब्यातून शोधून लावलं. कालच्या फेरीत आई शेजारी बसली होती. अठरावं मिनिट आलं तसं कुणी बोलेना. पंचविसाव्या मिनिटाला ती म्हणाली, “आता तरी जरा जोरात चालव.”

पुढचा बेत डॅशबोर्ड नीट बसवण्याचा होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं की इतके आठवडे टाकी आतून ओढली जात होती, तिच्या जोडांचं काय झालं असेल? आधी टाकी उतरवतो. उतरतेच आहे तर काट्याचा सेंडर युनिटही बाहेर काढू; धाकटीचं खातं जाईल, पण तिला कळवलंय आणि ती नाराज आहे. पंपाचा डायफ्राम तेव्हाच पाहीन, त्यानेही बरंच सोसलंय.

हीट शील्ड मात्र काढणार नाही. एवढी घासलीय.

अरे हो, वहीत आणखी एक ओळ तीनदा आलीय: “मागच्या कार्बच्या डॅशपॉटमध्ये तेल कमी.” डॅशपॉट म्हणजे कार्बच्या पिस्टनला आवरणारा तेलाचा कप्पा. पुढच्याची एकदाही नाही. आज रात्री झाकणं काढून दोन्हीकडची पातळी सारखी करतो आणि वही तिच्याकडेच ठेवतो.