तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारच्या श्रमदानातून घर उभं राहतं का?

तालीम मंडळाची पोरं असोत, कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) गट असो की कारखान्यातल्या एका पाळीचे मित्र, आम्हाला विचारलं जातं ते हेच: "आम्ही वीसजण आहोत, रविवारी मोकळे असतो. एखाद्या गरजू कुटुंबाला श्रमदानातून घर बांधून देता येईल का? सुरुवात कुठून करायची?"

देता येतं. मात्र विटेवर वीट चढवणं हे तुमचं काम नव्हे, ते मेस्त्रीचं. घराच्या खर्चात मजुरीचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश असतो. त्यातली मेस्त्रीची मजुरी वाचवायला गेलात, तर ओळंब्यातून सुटलेली भिंत पुढच्या आठवड्यात पाडावी लागते. तुमच्या चाळीस हातांचा खरा उपयोग मेस्त्री यायच्या आधी आणि तो गेल्यावर होतो: खुदाई, मुरूम भरणं, धुम्मस (भर ठोकून बसवायचं जड ठोकणं) मारणं, विटा उतरवणं, त्या भिजवणं आणि रोज पाणी मारणं.

टिकाव हातात घ्यायच्या आधी जागेचा कागद बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा मालमत्ता पत्रक कुणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ते अजून आजोबांच्याच नावावर असतं. मग चुलत्यांची, आत्यांची, बहिणींची संमती लेखी घ्यावी लागते, तीही पाया खणायच्या आधी. रिकाम्या जागेबद्दल सहज होकार देणारे भाऊबंद जोतं वर आलं की बिथरतात. जागा गायरानात असेल तर ती नियमित होईपर्यंत हात लावू नका. अतिक्रमण ठरलं तर कुटुंबाचं घरही जातं आणि तुमचे कष्टही. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेची चौकशी पंचायत समितीत करा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, शिरोळ, हातकणंगले या पट्ट्यात पूररेषा तितकीच महत्त्वाची. निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या हद्दीच्या, आत नवं घर बांधू नये. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शेजारच्या जुन्या भिंतीवर पाण्याची खूण असेल तर तिची उंची टेपने मोजा. खूण सहा-सात फुटांवर असेल तर दोन फुटांचं जोतं तीन फूट करून काही साधत नाही. अशा ठिकाणी उंचावरची जागा मिळवून देण्यासाठी कुटुंबाबरोबर तहसील कार्यालयाचे हेलपाटे घालणं हेच मोठं श्रमदान. पाणी फूट-दीड फूटच चढत असेल तर जोतं खुणेच्या वर घ्या, बांधकाम सिमेंटमध्येच करा, विजेची बटणं खांद्याच्या उंचीवर ठेवा. मातीत बांधलेली भिंत पुष्कळदा पाणी चढताना उभी असते आणि उतरताना बसते, कारण दोन्ही बाजूंनी मिळणारा पाण्याचा आधार जातो आणि भिजलेलं वजन मात्र तेवढंच राहतं. पूर ओसरल्यावर लगेच अशा घरात शिरू नये, ते यासाठीच.

पैशांचं थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजनेचं मूळ अनुदान ग्रामीण भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून कुटुंबाच्या स्वतःच्या श्रमाचे सुमारे ९० दिवस वेगळे. एवढ्यात घर पुरं होत नाही, म्हणून जोत्यावर किंवा लिंटेलला (दार-खिडकीवरच्या तुळईच्या पातळीला) अडलेली घरकुलं गावोगावी दिसतात. नवं घर शून्यातून उभं करण्यापेक्षा असं अडलेलं एक घर पुरं करा, असं आमचं ठाम मत आहे. हप्ते टप्प्याटप्प्याने, जागेवरच्या फोटोची खात्री झाल्यावर सुटतात, म्हणून तुमचं सामान नेमका अडलेला टप्पा पार करण्यासाठी वापरा. रोख रक्कम देऊ नका, सिमेंट-विटा द्या. रोजगार हमीच्या हजेरीवर कुटुंबाचीच नावं आणि त्यांनीच केलेलं काम असावं, तुमचं श्रमदान तिथे दाखवू नका. घरच्यांनीही रोज कामाला उभं राहावं. १९७६ साली अमेरिकेत सुरू झालेली आणि १९८३ पासून भारतात काम करणारी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था कुटुंबाचे श्रम हा घराचा भागच मानते, आणि ते योग्यच आहे.

घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. १० बाय १२ चा सोपा (पुढची खोली), १० बाय १० चं स्वयंपाकघर आणि बाजूला न्हाणी-संडासाला ४८ चौरस फूट एवढं त्यात बसतं. चूल आत की परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत), मोरी कुठल्या कोपऱ्यात, शेळी कुठे बांधणार, हे त्या घरच्या वहिनींना किंवा आजींना विचारा, आणि नकाशा कागदावर नको, जमिनीवर फक्कीने आखून दाखवा. चूल परड्यात असणार असेल तर छपराची पागोळी त्या बाजूला पडू देऊ नका.

९ इंची भिंती धरून दोन खोल्यांचा बाहेरचा चौक साडेअकरा बाय सव्वाचोवीस फुटांचा होतो. चार खुंट्या ठोकून दोन्ही कर्ण मोजा: दोन्ही २६ फूट १० इंच आले पाहिजेत. इंचभर फरक असला तरी खुंटी हलवा. आज दोरीत सोडलेला तो इंच पुढे छपरात निघतो आणि शेवटचा पत्रा तिरका कापावा लागतो.

आता पाया. आमच्याकडे नदीकाठची जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि वरचं घरही तसंच हलवते. चर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणायचा. पाच फुटांवरही मुरूम लागला नाही तर तिथे थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. चार फुटांपेक्षा खोल चरात माणूस उतरवायचा तर कडेला टेकू हवा, आणि काढलेली माती काठापासून किमान तीन फूट लांब टाका.

श्रमदानातली सगळ्यांत मोठी चूक याच्या पुढे होते. चरातून निघालेली काळी माती समोर पडलेली असते, जोत्याच्या आत खड्डा असतो, आणि उत्साहात ती सगळी आत ढकलली जाते. फुकटची भर! दोन पावसाळ्यांत तीच माती फुगून कोबा उचलते, मग आकसून त्याच्याखाली पोकळी करते. आत मुरूमच हवा. जोतं दोन फूट धरलं आणि वरचे सहा इंच सोलिंग (दगडांचा थर) आणि काँक्रीटसाठी सोडले, तर ठोकलेला मुरूम साधारण ४ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो. ठोकल्यावर तो बसतो म्हणून ५ ब्रास मागवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग धुम्मस. वीसजणांना दोन रविवार पुरेल असं हे काम आहे. आवाजाकडे लक्ष ठेवा: मऊ 'धप्' येतोय तोवर थर बसलेला नाही, टणक 'ठक्' येऊ लागला की पुढचा टाका.

९ इंची भिंतीच्या दर १०० चौरस फुटांना साधारण १००० विटा जातात. या घराला साडेसात ते आठ हजार. ट्रॉली मागे उलथली की तुकडे वाढतात, म्हणून रांग करून विटा हातोहात उतरवा. घेताना दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या पाहिजेत. एक छातीइतक्या उंचीवरून जमिनीवर सोडा, फुटता कामा नये. लावायच्या आधी वीट पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. कोरडी वीट मालातलं (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी ओढून घेते, आणि महिन्याभराने सांध्यावर नख फिरवलं तर वाळू गळते.

रविवारची खरी अडचण इथे आहे. पाच-सहाजण माल कालवायला लागले की मेस्त्री लावू शकेल त्यापेक्षा जास्त माल होतो, तासभर पडून राहतो, आणि मग तो 'मऊ करायला' कुणीतरी पाणी ओततं. तेव्हा त्याचा जोर गेलेला असतो. एका मेस्त्रीमागे एका वेळी अर्ध्या पोत्याचाच माल कालवा आणि तो अर्ध्या-पाऊण तासात संपवा. काँक्रीटमध्ये एका पोत्याला २५ लिटरच पाणी, बादलीने मोजून. आणि हात भरपूर आहेत म्हणून एका दिवसात भिंत पाच फुटांच्या वर नेऊ नका, खालचा ओला माल दबतो.

मग येतो सोमवार. रविवारी वीसजण होते, मंगळवारी कुणी नाही, आणि एप्रिलच्या उन्हात भिंत दुपारपर्यंत पांढरी पडलेली. विटांच्या भिंतीला किमान ७ दिवस, काँक्रीटला १० दिवस ओल हवी, कारण बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) असतं आणि ते सावकाश पिकतं. गटाची वही करा: रोज सकाळी दोघं, संध्याकाळी दोघं, नावं आधी लिहिलेली. काँक्रीटवर ओली गोणपाटं टाका. कुटुंब पाणी मारेल असं धरून चालू नका, ते त्या वेळी दुसऱ्याच्या उसात किंवा मजुरीवर असतं.

लिंटेलच्या पातळीवर सुटे तुकडे न टाकता चारी भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा घ्या: किमान ३ इंच जाड, १० मिलिमीटरच्या दोन सळया, दर ६ इंचांना रिंग. कोपऱ्यावर सळई तोडायची नाही, वळवून पुढे न्यायची. भूकंपात भिंती एकत्र धरतो तो हा पट्टाच, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांब नव्हता. तसाच पट्टा छपराखाली घ्या आणि छपराच्या लोखंडी अँगलचे बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच त्यात रोवा. मे महिन्यातल्या वळवाचा वारा पत्र्याखाली शिरून छप्पर वर उचलतो. पत्र्यावर ठेवलेले दगड त्याला अडवत नाहीत, उलट उडून कुणाला तरी लागतात. पत्र्याचा स्क्रू रबरी वॉशरसह उंचवट्यावर मारा, खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच गळतं. पागोळीच्या कडेला स्क्रू दाट, आणि पत्रा भिंतीच्या बाहेर दीड ते दोन फूट. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे उतार जास्त ठेवा. तिथे जांभ्याचा चिरा जवळ मिळत असेल तर विटा लांबून आणू नका. छपरावर श्रमदान करणाऱ्या कुणीही चढायचं नाही.

संडासाला दोन शोषखड्डे, एकमेकांपासून किमान मीटरभर अंतरावर. जमिनीखालचं पाणी वर असलेल्या काळ्या जमिनीत खड्ड्यांतलं पाणी मुरत नाही, तिथे सेप्टिक टाकीच हवी.

वेळेचं गणित दिवाळीपासून मांडा. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाला जुंपलेल्या असतात, म्हणून मुरूम आणि डबर त्याआधी आणून टाका. जोतं जानेवारीपर्यंत, छप्पर अक्षय तृतीयेच्या आत. मेस्त्रीला आधीच विचारा: गावचा बाजार रविवारी असेल तर तो त्या दिवशी येणार नाही, आणि तुमचा वार बदलावा लागेल.

कुटुंब राहायला गेल्यावर आषाढात एकदा भर पावसात जा. पागोळीचं पाणी जोत्याच्या कडेला साचतंय का, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालीय का, मोरीचं पाणी कुठे जातंय, ते पाहा. जोत्याभोवती दोन फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा राहिला असेल, तर पाऊस उघडल्यावरचा पहिला रविवार त्यासाठी ठेवा.