तेरा ठिकाणी एकच क्रियापद : ‘हाबाक’चा अर्थ शोधण्याचा माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत आठवड्याला एक बायबल अभ्यास असतो. त्यात उपदेशकाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय मांडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते सोपे जाईल असे मला वाटले होते, कारण हा अध्याय आमच्याकडे लग्नापासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे वाचला जातो आणि अनेकांना तो तोंडपाठ आहे. जन्मण्याचा समय व मरण्याचा समय, रडण्याचा समय व हसण्याचा समय, अशा १४ जोड्या तिथे ओळीने येतात. मात्र तयारी करताना पाचव्या वचनाच्या उत्तरार्धाशी मी थांबले. इतर जोड्यांत एका क्रियेसमोर तिच्या विरुद्ध अर्थाची दुसरी क्रिया उभी आहे, आणि इथे आलिंगनासमोर आलिंगनापासून दूर राहणे एवढेच आहे. आलिंगनाला विरुद्धार्थी शब्द हिब्रूत नव्हता की काय, असे मी आमच्या पाळकांना विचारले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही आयुष्यभर व्याकरण शिकवलंत, मग मूळ शब्दच उघडून पाहा ना.” मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे आणि हिब्रूचा तोवर मला गंधही नव्हता. तरी केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला एका शब्दासाठी माघार घेणे बरे दिसले नसते.

सुरुवात अर्थातच अक्षरांपासून झाली. हिब्रूची २२ अक्षरे व्यंजनांची आहेत, ती उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि स्वरांच्या टिंबा-रेघा पुढे मासोरा, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या परंपरेच्या पंडितांनी अक्षरांच्या खाली-वर बसवल्या. या टिंबांची सवय व्हायला वेळ लागला, पण धातूची कल्पना मात्र संस्कृत-मराठीमुळे चटकन समजली. हिब्रूत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजने असतात आणि कोशात शब्द शोधायचा तो त्या तीन व्यंजनांखाली. मला हवा असलेला धातू हेत, बेत आणि कोफ या अक्षरांचा निघाला. त्याचा उच्चार मी ठाण्याच्या एका वयोवृद्ध बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या, गृहस्थांकडून शिकले. ते शुद्ध रायगडी वळणाच्या मराठीत म्हणाले, “ह म्हणा, पण तो छातीतून नको, घशातून काढा. आणि शेवटचा क मागे, पडजिभेशी.” मराठी लिपीत मी त्याला ‘हाबाक’ असे लिहिते आणि हे लेखन केवळ सोयीचे आहे.

धातू हाती लागल्यावर पुढचे काम शब्दसूचीचे, म्हणजे कोणता शब्द कुठेकुठे येतो ते दाखवणाऱ्या यादीचे. जेम्स स्ट्राँग यांची १८९० साली निघालेली इंग्रजी बायबलची शब्दसूची अजूनही वापरात आहे, आणि तिच्यात प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक दिलेला असल्यामुळे लिपी कच्ची असलेल्या माणसालाही वाट सापडते. हाबाकचा क्रमांक २२६३ आहे. लगेच पुढे, २२६४ वर, त्याच धातूपासून झालेले ‘हिब्बूक’ हे नाम आहे आणि २२६५ वर हबक्कूक संदेष्टा आहे. क्रियापद जुन्या करारात १३ वेळा येते आणि नाम २ वेळा, तेही नीतिसूत्रे या पुस्तकातच. कोश मी १९०६ सालचा, ब्राऊन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा घेतला. तो प्रताधिकारमुक्त असल्यामुळे संगणकावर फुकट वाचता येतो. त्यात या धातूला अर्थ म्हणून आलिंगनाच्या जोडीला घट्ट धरणे, वेढून धरणे असे दिले आहे. एवढे वाचून मी थांबू शकले असते, पण दोन शब्दांच्या अर्थाने माझा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून सगळी ठिकाणे मुळातून काढायचे ठरवले.

या कामात कंटाळवाणा भाग रूपे सोडवण्याचा. उदाहरणार्थ, गीतरत्न या प्रेमकाव्याच्या पुस्तकात २:६ येथे, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात, ‘तेहब्बेकेनी’ असा एक शब्द आहे. त्यातला शेवटचा ‘नी’ म्हणजे ‘मला’, सुरुवातीचा ‘ते’ कर्ता स्त्रीलिंगी असल्याची खूण, आणि मधल्या ब चे द्वित्व हे क्रियापदाच्या ‘पिएल’ या प्रकाराचे लक्षण. ही टरफले काढली की आत हेत-बेत-कोफ उरतात. कर्ता स्त्रीलिंगी का, तर आलिंगन देणारा प्रियकर असला तरी वाक्याचा कर्ता त्याचा उजवा हात आहे आणि हिब्रूत हात स्त्रीलिंगी आहे. त्याचा डावा हात माझ्या डोक्याखाली आहे आणि उजवा मला वेढून आहे, असे ते वचन. हेच वचन ८:३ येथे जवळजवळ जसेच्या तसे पुन्हा येते, फक्त ‘डोक्याखाली’ या शब्दातले एक छोटे ‘लामेद’ अक्षर तिथे गळते. तेरापैकी दहा रूपे पिएलची आणि तीन साध्या ‘काल’ प्रकारची आहेत. पिएल म्हणजे अधिक जोराचे आलिंगन, असे काही प्रवचनकार सांगतात. मला ते पटले नाही, कारण उपदेशक ३:५ मध्येच आलिंगन देण्याला काल प्रकार आणि त्यापासून दूर राहण्याला पिएल वापरला आहे, आणि तिथे जोर वाढवण्याचे काही कारण दिसत नाही.

मग उत्पत्ती या पुस्तकातली तीन ठिकाणे. लाबान भाच्याला, म्हणजे याकोबाला, धावत जाऊन भेटतो (२९:१३), एसाव वीस वर्षांहून अधिक काळानंतर भाऊ याकोबाला भेटतो (३३:४), आणि म्हातारा याकोब योसेफाच्या मुलांना जवळ घेतो (४८:१०). मी राशीची टीका उघडली ती इथे. राशी हा फ्रान्समधल्या त्र्वा गावचा ज्यू भाष्यकार, इ. स. १०४० ते ११०५ या काळातला, आणि त्याच्यासारखा मोजके बोलणारा टीकाकार मी दुसरा वाचलेला नाही. लाबानाच्या मिठीविषयी तो म्हणतो की, पूर्वी याच घराण्याचा एक नुसता चाकर दहा उंट घेऊन आला होता, तेव्हा हा प्रत्यक्ष मुलगा किती धन घेऊन आला असेल, असे लाबानाच्या मनात होते. सोबत काहीच दिसेना, तेव्हा सोन्याची नाणी उराशी बांधली असतील म्हणून त्याने मिठी मारली, आणि तोंडात मोती लपवले असतील म्हणून मुका घेतला. मिठीच्या मिषाने घेतलेली ही अंगझडती वाचून मी मोठ्याने हसले. पुढे याकोबाला त्याने जे राबवले आणि फसवले, ते पाहता टीकाकाराचा संशय अगदीच निराधार वाटत नाही.

एसावाच्या भेटीत गंमत वेगळी आहे. तिथे ‘आणि त्याने त्याचा मुका घेतला’ या अर्थाच्या एका हिब्रू शब्दाच्या सहाही अक्षरांवर टिंबे दिलेली आहेत. ही स्वरांची टिंबे नव्हेत. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथीत, अशी टिंबे असलेली दहा स्थळे आहेत आणि तिच्या हस्तलिखित गुंडाळीतही लेखनिक ती न चुकता काढतात. प्राचीन रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंमध्ये, त्यावर वाद झाला. एक म्हणाला, एसाव याकोबाचा द्वेष करतो हे ठाऊक आहे, पण त्या क्षणी त्याला खरोखर गहिवरून आले. दुसरा म्हणाला, मुका घेणे आणि चावणे यांचे हिब्रू शब्द एका अक्षराने वेगळे आहेत, त्याला चावायचे होते, पण याकोबाची मान संगमरवरासारखी कठीण झाली. म्हणजे लाबानाच्या मिठीवर संशय आहे आणि एसावाच्या मुक्यावर आहे. एसावाच्या मिठीवर मात्र त्या वादात कोणी बोट ठेवलेले मला आढळले नाही.

इथवर हा शब्द प्रेमाचा की कपटाचा, असा प्रश्न मनात घोळत होता. ईयोबाच्या पुस्तकातल्या २४:८ ने तो मोडीत काढला. गरिबांना अंगावर वस्त्र नाही, थंडीत पांघरूण नाही, डोंगरातल्या पावसाने ते चिंब होतात आणि आसरा नसल्यामुळे खडकाला ‘हिब्बेकू’, म्हणजे कवटाळतात. विलापगीत ४:५ येथे हेच रूप, अक्षरही न बदलता, पुन्हा येते : यरुशलेमच्या पाडावानंतर, किरमिजी वस्त्रांत वाढलेली माणसे उकिरड्यांना कवटाळून आहेत. हे पुस्तक ज्यू लोक अव महिन्याच्या नवमीला, मंदिराच्या विध्वंसाच्या दिवशी, उपास करून वाचतात. त्याच दिवसाला कोकणातले बेने इस्राएल ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले आहेत, कारण त्या उपासाशी जोडलेल्या जेवणात वालाचे बिरडे असते. ठाण्याच्या त्या गृहस्थांना मी हे वचन दाखवले तेव्हा ते जरा वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, “इथे मिठी म्हणू नका हं. इथे दुसरं कुणी नाहीच आहे मिठी मारायला.”

सेप्टुआजिंट या ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतराने या दोन्ही ठिकाणी अंगावर वस्त्र लपेटून घेण्याचे क्रियापद वापरले आहे, आणि इतरत्र बहुधा हातांनी वेढण्याचे. मला या भाषांतरकारांचे कौतुक वाटले. उघड्या माणसाला खडक हेच पांघरूण, असे त्यांनी ओळखले. ‘खडक’ हे देवाचेही नाव आहे, तेव्हा या गरिबांनी देवालाच मिठी मारली, असे एक प्रवचन इथे सहज रचता येते आणि मी ते ऐकलेही आहे. पण अध्यायाचा सूर तसा नाही. ईयोब तिथे देवाविषयी तक्रार करतो आहे की, हे सारे घडत असताना तो लक्ष देत नाही.

एवढे पाहिल्यावर उरलेली ठिकाणे भराभर उलगडली. नीतिसूत्रे ४:८ मध्ये ज्ञानाला कवेत घ्यायचे आहे आणि पुढच्याच अध्यायात, ५:२० मध्ये, परस्त्रीचा ऊर कवेत घेऊ नको असे मुलाला बजावले आहे, दोन्हीकडे क्रियापद तेच. उपदेशक ४:५ मधला मूर्ख आपल्याच हातांना कवटाळतो आणि आपलेच मांस खातो. आपण ज्याला हाताची घडी घालून बसणे म्हणतो, ते हिब्रूत हातांचे आलिंगन आहे, आणि नीतिसूत्रांत दोनदा येणारे ‘हिब्बूक’ हे नामही आळशाच्या त्या घडीसाठीच आहे. म्हणजे हाबाक या धातूत माया नाही, वासना नाही, कपटही नाही. दोन बाहू एखाद्या गोष्टीभोवती मिटतात, एवढीच क्रिया त्यात आहे. त्या बाहूंत नातू आहे, खडक आहे की स्वतःचेच हात आहेत, हे त्या त्या वाक्याने सांगायचे असते. मराठीत याच्या जवळ जाणारे क्रियापद मला ‘कवटाळणे’ हेच वाटते, कारण आपण मूलही कवटाळतो आणि मृत्यूलाही. ‘आलिंगन’ या शब्दात संस्कृत काव्यातला शृंगार आधीच भरलेला आहे.

एक गोष्ट शब्दसूची सांगत नाही, ती म्हणजे शब्द कुठे येत नाही. योसेफ भावांना ओळख देतो तेव्हा, आणि पुढे बापाला भेटतो तेव्हा, आपल्याला मिठी दिसते. हिब्रूत मात्र तो गळ्यात पडतो आणि रडतो, हाबाक तिथे नाही. शूनेमच्या बाईच्या गोष्टीतही असेच (२ राजे, अध्याय ४). पुढल्या वर्षी याच सुमारास तू पुत्राला कवेत घेशील, असे अलीशा संदेष्टा तिला सांगतो, तेव्हा क्रियापद हाबाक आहे. ते मूल वाढते, एके दिवशी डोके दुखते म्हणून शेतातून उचलून आणले जाते आणि आईच्या मांडीवर मरते. ती अलीशाकडे धावत जाऊन त्याचे पाय धरते, तिथे मात्र ‘हाझाक’ आहे, एकाच अक्षराने वेगळे, घट्ट पकडणे या अर्थाचे. याच शूनेमकरिणीच्या मुलाशी ज्यू परंपरेतल्या झोहर या ग्रंथाने हबक्कूक संदेष्ट्याचे नाव जोडले आहे. लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम याने त्या नावाचा अर्थ आलिंगन असाच लावला आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनेही त्यावरून लोकांना उराशी धरणारा संदेष्टा असे म्हटले. आजचे अनेक अभ्यासक मात्र ते नाव अक्कडी या प्राचीन भाषेतल्या एका बागेतल्या रोपाच्या नावाशी जोडतात. रोपाचे म्हणणे मला अधिक सरळ वाटते, जरी ल्यूथरचे अधिक आवडते.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला उच्चारात मिळाले. ३:५ चा उत्तरार्ध मोठ्याने वाचला की ‘लाहबोक’ आणि ‘लिर्होक’ असे दोन शब्द एकामागोमाग कानावर येतात : पहिला कवेत घेण्याचा, दुसरा दूर होण्याचा. दोन्हींत हेत आणि कोफ आहेत, पहिल्यात त्यांच्या मधोमध बेत येते, दुसऱ्यात ते शेजारी-शेजारी येतात. कवीला विरुद्ध शब्द सापडला नव्हता असे नाही. ‘दूर’ हाच त्याचा विरुद्ध शब्द आहे आणि तो त्याने नादासाठी निवडला असावा. वचनाच्या पूर्वार्धात धोंडे फेकणे आणि धोंडे गोळा करणे आहे, म्हणजे तिथेही हातांचीच कामे. रब्बींच्या मिद्राशने, म्हणजे बायबलवरच्या जुन्या भाष्याने, धोंडे फेकण्याचा अर्थ पती-पत्नीच्या सहवासाशी जोडला आणि त्यामुळे आलिंगनही तसेच वाचले गेले, पण धातूला त्याची गरज पडत नाही.

अभ्यासात मी हे सारे फळ्यावर तीन अक्षरे मोठी काढून मांडले. प्रश्न बरेच आले, आणि बहुतेक एसावाच्या टिंबांवर. एका तरुणाने उत्पत्ती २:२४ मधले ‘आपल्या स्त्रीशी जडून राहील’ हे तरी हाबाक आहे का, असे विचारले. ते हाबाक नाही, ‘दाबाक’ आहे, चिकटण्याचे क्रियापद, रूथ आपल्या सासूला, नामीला, बिलगून राहते तेही हेच. ते पन्नासाहून अधिक ठिकाणी येते, आणि पाळकांनी पुढच्या सत्रासाठी तेच माझ्या नावावर लिहून टाकले आहे.