आमची वाटचाल : कृष्णाकाठची हळद

"तुमची हळद दिवाळीच्या आधीच संपते. जरा जास्त का करत नाही?" दसरा जवळ आला की आमच्या जुन्या गिऱ्हाइकांचे असे फोन सुरू होतात. फोनवर आम्ही एवढंच सांगतो की यंदाची संपली, आता नवी फाल्गुनानंतर. पण त्याचं खरं उत्तर मोठं आहे. ते उत्तर आमच्या रानात आहे आणि आमच्या उद्योगाची सगळी गोष्टही त्यातच आली.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात भिलवडी-अंकलखोपच्या पट्ट्यात आमचं साडेचार एकर रान आहे. काळी, खोल, मळीची जमीन. नदीवरून उपसा योजनेचं पाणी आलं तशी इथली ज्वारी, हरभरा, शाळू मागे पडले आणि बांधापासून बांधापर्यंत ऊस उभा राहिला. ऊसानं घरं बांधून दिली, मुलांची शिक्षणं केली, हे कुणी नाकारू नये. पण पाटानं धो-धो पाणी आणि पोत्यांनी खत, असं वर्षानुवर्षं चाललं. भारी जमिनीला निचरा नाही. पाणी खाली साठत गेलं, क्षार वर आले. आमच्या खालच्या तुकड्यात उन्हाळ्यात मीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसायचा आणि ऊस गुडघाभर वाढून पिवळा पडायचा. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते बांधावर उभं राहून म्हणायचे, "रान पाणी पितंय, पर पचवत न्हाई."

२०१३ साली आम्ही ऊस मोडला. हळदीचा विचारसुद्धा नंतरचा. आधी चर खणून सच्छिद्र पाइप गाडले आणि ते ओढ्याला जोडले. त्या वर्षी घरात पैसा आला नाही, गेलाच. पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला, फुलावर यायच्या आत गाडला. पुढच्या साली ताग. पाटपाणी बंद करून ठिबक टाकलं. शेजारचे लोक उसाचं पाचट पेटवायचे, ते आम्ही मागून आणायला लागलो आणि सऱ्यांतून अंथरलं. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं जीवामृत सासूबाई स्वतः काडीनं ढवळायच्या. आमच्या दोन खिलार गाई त्यासाठीच ठेवल्या आहेत.

पहिली खूण पाचटाखाली दिसली. श्रावणात एका सकाळी वाफसा होता म्हणून मी पाचट हातानं बाजूला केलं. खालची माती चहापत्तीसारखी रवाळ झाली होती, बोटात भुसभुशीत फुटत होती. गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या जागोजाग, पाचटाच्या उलट्या बाजूला बुरशीचे पांढरे धागे, आणि एक गोम घाईनं आत शिरली. ज्या तुकड्यात कुदळ आपटली की ठण्ण वाजायचं, तिथं हात मनगटापर्यंत गेला. वाफसा म्हणजे मातीच्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा. मुळांना दोन्ही लागतं. भारी रानात ही पोकळी यंत्र करू शकत नाही, ती या जिवांनीच करायची असते.

खाली जीव आले तसे वरही आले. नांगरटीला गाय बगळे पूर्वीही यायचे, पण आता ते दिवसभर रानातच फिरतात. हळदीच्या गादीवाफ्यांच्या कडेनं आम्ही एरंड लावतो. जुन्या लोकांची रीतच ती, कोवळ्या हळदीला थोडी सावली मिळते. एरंडावर उंट अळी पडते आणि कोतवाल, साळुंख्या तिच्यावर येतात. एरंडाचा पाला थोडा जातो, जाऊ दे. बांधावरची बाभूळ तोडा, सावली पडते, असं आम्हाला कितीजणांनी सांगितलं. ती विहिरीवर वाकलेली आहे आणि पावसाळ्याच्या तोंडाला तिच्यावर सुगरणींची घरटी लोंबतात. ती बाभूळ राहणार. गोठ्याच्या मागच्या दगडी बांधात एक धामण असते. नवीन मजूर आला की पहिल्यांदा त्याला तिची ओळख करून देतो, कारण ती दिसल्यावर माणसाचा हात आधी काठीकडे जातो. हरभऱ्याच्या रानातले उंदीर ती आणि पिंगळे मिळून सांभाळतात. आम्ही तिथं विषाची गोळी कधी ठेवत नाही. विष खाल्लेला उंदीर पिंगळ्यानं खाल्ला तर पिंगळाही जातो. घोणसही आहे, ते खोटं कशाला सांगू. म्हणून पाचटात काम करताना बूट आणि हातात काठी, हा नियम घरच्यांनाही आहे.

तणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हराळी आणि लव्हाळा काढायलाच हवा. पण बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी यांना तण म्हणणं मला पटत नाही. बायका खुरपायला येतात तेव्हा जाताना ओटीत भाजी घेऊन जातात. फवारा मारलेल्या बांधावरून ती कुणी नेली नसती.

हळदीकडे वळलो कारण सांगली तिची पेठ. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती. वर्षानुवर्षं माल कीड न लागता टिकायचा. २००५ च्या महापुरानं त्यातली बहुतेक पेवं निकामी केली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. शिवाय हळदीचं संशोधन केंद्र आमच्यापासून लांब नाही, कसबे डिग्रजला. कंदमाशीचा मडक्याचा उपाय आम्ही तिथल्याच शिफारशीतून उचलला. एरंडीचं बी भरडून मडक्यात पाण्यात भिजत ठेवायचं. आठ-दहा दिवसांत ते आंबतं, वासानं माश्या येतात आणि त्यातच मरतात. एकराला दोन-तीन मडकी पुरतात. त्याच्या जोडीला वेळेवर भरणी, म्हणजे गड्ड्यांवर माती चढवणं, हवी. गड्डा उघडा राहिला की माशी तिथंच अंडी घालते, अळी आत शिरते आणि मागोमाग कंदकूज येते. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मुरवून घालतो तो या कुजीसाठी.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लागण करायची. बेण्याला जेठे गड्डेच, म्हणजे झाडाच्या बुडाचे मुख्य कंद, निरोगी आणि भरदार. नऊ महिने रान अडकतं. आणि त्याच रानात पुढच्या वर्षी पुन्हा हळद घेतली तर कुजीचे रोग आणि सूत्रकृमी वाट बघत असतात. म्हणून आमच्याकडे दरसाल सव्वा एकरच हळद असते. बाकी रानात घेवडा, हरभरा, शाळू, थोडा भुईमूग, गाईंचा चारा. हळद फिरत-फिरत त्या तुकड्यात परत येते तोवर डाळवर्गीय पिकांनी जमीन भरून काढलेली असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. आमचा खालचा तुकडा पूर्ण बुडाला, हळद त्यात नव्हती हे नशीब. वरच्या तुकड्यात उंच गादीवाफे होते, चर मोकळे होते, पाणी ओसरलं तसं वाफ्यावरचंही उतरलं. तरी कडेच्या वाफ्यांतली हळद कुजली, हात घातला की नुसता चिकट गर. २०२१ ला पुन्हा पूर. त्यानंतर खालच्या तुकड्यात आम्ही हळद घेत नाही, पुरानंतरच्या ओलीवर शाळू किंवा हरभरा घेतो. तिथून हळदीचं उत्पन्न मिळालं असतं, त्याचा हिशोब आम्ही सोडून दिला.

काढणीला पाला जमिनीलगत कापायचा, थोडे दिवस रान तसंच ठेवायचं, मग खणायचं. बायका गोल करून बसतात. जेठे गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, सडकी बाजूला. हे काम यंत्राला द्यावं असं आम्हाला कधी वाटलं नाही, कारण सडका कंद डोळ्याला दिसायच्या आधी त्यांच्या बोटांना कळतो. मजुरी आम्ही गावच्या दरापेक्षा जास्त देतो आणि ती रोजच्या रोज. शिजवणं वाफेच्या कुकरवर. हळकुंडात काडी सहज गेली आणि हळदीचा तो उग्र वास सुटला की ताबडतोब उतरवायचं. जास्त शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर वाळताना आत कच राहते. मग पंधराएक दिवस ऊन. हळकुंड मोडल्यावर खट्ट आवाज आला की वाळली. पाच किलो ओल्याची एक किलोच राहते.

इथं आमचा बाजाराशी खटका उडाला. पहिल्या साली माल घेऊन गेलो तर व्यापाऱ्यानं पोत्यात हात घालून सांगितलं, पॉलिश नाही, रंग चढवलेला नाही, याला भाव नाही. त्या दिवशी आम्ही पोती परत आणली आणि दळून विकायचं ठरवलं. ड्रममध्ये घासून मळ काढतो, त्यापलीकडे काही नाही. हळदीला चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेटसारखं शिसं असलेलं रंगद्रव्य वापरल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत. ज्या पदार्थाची चिमूट आपण तान्ह्या बाळाच्या दुधात घालतो, त्यात शिसं! हा विषय निघाला की माझा आवाज चढतो, तो चढायलाच हवा. दळतानाही आम्ही थोडं-थोडं दळतो. गिरणी तापली की हळदीतलं तेल उडतं आणि रंग राहून वास जातो.

२०२० साली लॉकडाऊनमध्ये हळदीला अशी मागणी आली की तीन पट माल असता तरी संपला असता. बाजारातून घेऊन आमच्या पिशवीत भरा, असा सल्ला जवळच्या माणसांनीच दिला. घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी आबाच म्हणाले, "पिशवीवर रानाचं नाव हाय, बाजाराचं न्हवं." तो विषय तिथंच मिटला.

म्हणून हळद जास्त करण्याची एकच वाट आम्हाला दिसली, ती म्हणजे शेजारची रानं सुधारणं. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची हमी द्यायची, अशा प्रमाणीकरणासाठी निदान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. एकमेकांच्या रानात जाऊन पाहायचं, विचारायचं, सही करायची. आमचा गट आता उभा राहिलाय. त्यातल्या दोघांच्या रानात अजून पांढरा थर आहे, त्यांचे चर मागच्या उन्हाळ्यात झाले. त्यांच्याकडून आम्ही सध्या घेवडा आणि हरभराच घेतो, ठरलेल्या भावानं. एका शेजाऱ्याचं रान तयार झालंय, त्यांची पहिली हळद या काढणीला येईल. ती आम्ही आमच्या हळदीत मिसळणार नाही. वेगळ्या पिशवीत, त्यांच्या रानाच्या नावानं विकू. नोंदणी मकर संक्रांतीपासून घेऊ, एका घराला दोन किलोपर्यंत.