आमची वाटचाल : ग्लासमागे ४५ पैसे

वरुडला बसून संत्र्याची साल विकतो म्हटलं की लोक हसतात. ती साल बिअरमध्ये जाते म्हटलं की आमची आई मान फिरवते. ती माळकरी. त्यात निम्मे सोयरे वर्धा नदीच्या पल्याड, अन् तो जिल्हाच दारूबंदीचा. म्हणून शेडच्या पाटीवर 'वाळवलेली संत्रा साल व धने' एवढंच लिहिलंय. खोटं काहीच नाही त्यात.

बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने अन् संत्र्याची साल घालतात, हे मला २०१८ साली पुण्याच्या एका बिअरवाल्यानं सांगितलं. ती पद्धत जवळजवळ संपलीच होती. हूगार्डन गावच्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६६ मध्ये ती पुन्हा उभी केली. तिथली साल कडू संत्र्याची, आपली नागपुरी गोडसर वासाची. "पाठवून बघा," पुण्याचा बिअरवाला म्हणाला.

गच्चीवर वाळवून वीस किलो पाठवली. सगळी परत आली. चूक आमचीच. फळ घेतलं होतं कोटिंगच्या कारखान्यातून उरलेलं, म्हणजे सालीवर मेण. शिवाय फवारणीचे अंश. खाणारा साल फेकतो, म्हणून सालीचा विचार आपल्याकडं कोणी करतच नाही. तेव्हापासून फळ थेट बागेतून, मृग बहाराचं, अन् तोडणीच्या कितीतरी आधी फवारणी थांबवणाऱ्या मोजक्या शेतकऱ्यांकडूनच. बाया सालीच्या आतले पांढरे रेशे खरवडून काढतात, मग ड्रायरमध्ये ५० अंशांच्या आत वाळवण. जास्त तापवलं की तेल उडतं, उरतो भुसा. चार-साडेचार किलो ओल्या सालीची एक किलो होते. सोललेल्या फोडी रसवाल्याला जवळपास फुकटच जातात. त्यावर आमच्याकडची एक मावशी म्हणते, "भाऊ, तुमी उलटेच! लोक संत्रं इकतेत अन् साल फेकतेत."

२०२३ च्या नोव्हेंबरात कर्ज काढून जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या ब्राउबेव्हियाले या बिअर-पेयांच्या प्रदर्शनाला गेलो. धंदा शून्य. ते गाव बव्हेरियात, अन् तिथं १५१६ पासूनचा नियम : बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) अन् पाणी. एका म्हाताऱ्यानं माझी पुडी उघडून डोळे मिटून वास घेतला, पुन्हा घेतला, अन् हसून परत दिली. तो वास त्याला आवडला होता, एवढं नक्की.

तिथून प्राग, ब्रुसेल्स, मग भाच्याकडं ऑस्लो. जिथं बसलो तिथला भाव वहीत लिहिला, अर्ध्या लिटरला रुपयांत मांडून. प्राग २३०, न्यूरेंबर्ग ४१०, ब्रुसेल्स ७३०, ऑस्लो ११५०. पुण्यात आमची साल पडलेला ग्लास ४५०. मला वाटलं होतं, भाव चढेल तशी चव चढेल. तसं काही नव्हतं. सगळ्यात स्वस्त प्रागची, अन् सगळ्यात ताजीही तीच. तिथं पिंप फोडलं की बघता बघता रिकामं होतं. ऑस्लोची वाईट नव्हती, पण तिथं निम्मं तुम्ही सरकारला अन् वाढणाऱ्या पोराच्या पगाराला देता. जर्मनीत बिअरवरचा खास कर अर्ध्या लिटरला पाच सेंटही नाही.

वहीत आणखी एक ओळ आहे. चेक देशात तेव्हा तासाची किमान मजुरी १०३ कोरुना ८० होती अन् ग्लास ६२ ला. म्हणजे तासाभराच्या कामात दीड ग्लासाहून जास्त. आमच्या शेडमध्ये बाईला दिवसाचे ३०० मिळतात. पुण्याचा ग्लास दीड दिवसाचा झाला. ही ओळ मी कोणाला दाखवत नाही.

ब्रुसेल्सला पहिला घोट थंडगार होता, काहीच कळलं नाही. ग्लास जरा कोमट झाल्यावर धन्याचा वास आला, अन् मागून सालीचा. परत आल्यावर तसल्याच प्रकारची आयात बाटली नागपुरात घेतली. ओल्या पुठ्ठ्याचा वास! कंटेनरात महिनोन्महिने, मग आपला ४५ अंशांचा उन्हाळा, वर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उभी. बाहेरची म्हणजे भारी, हे तेव्हाच डोक्यातून गेलं. आता मीही प्रत्येक पुडीवर वाळवणीची तारीख टाकतो अन् जुना माल विकत नाही. दोनदा नुकसान सोसलं त्यात.

यंदा त्या पुण्याच्या गिऱ्हाइकानं दहा टक्के कमी करा म्हटलं. मी हिशेब मांडला : पाचशे लिटरच्या घाण्याला साल अर्धा किलो, किलोचा भाव ९००, म्हणजे साडेचारशे रुपये. त्यातून निघतात हजार ग्लास. ग्लासमागे ४५ पैसे. "त्यातलेही साडेचार पैसे सोडू का दादा?" तो हसला, भाव कबूल केला, अन् ऑर्डर दुप्पट केली.

पैसे मात्र अजूनही नव्वद दिवसांनीच येतात.