तुम्ही विचारलंत म्हणून: बिडाचं भांडं महागाचं घ्यावं की स्वस्तातलं?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी कुणी जेवायला आलं की ओट्यावरचं जड झाकण उचलून बघतं आणि विचारतं, "हे एवढं महागाचं फ्रेंच भांडं घ्यायलाच हवं का गं? स्वस्तातलं नाही चालत?" माझ्याकडे दोन्ही आहेत. स्वस्तातलं नऊ वर्षं वापरतेय, महागाचं तीन. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आत बीडच असतं, आपल्या घावनाच्या तव्याचं असतं तेच. त्यावर काचेचा थर, म्हणजेच इनॅमल, देऊन तो 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत पक्का केलेला असतो. साध्या बिडाच्या कढईत चिंच किंवा आमसूल घातलं की आमटी काळवंडते, लोखंडाची चव उतरते. इथे तसं होत नाही. वालाचं बिरडं आमसुलं घालून केलं आणि उरलेलं त्यातच झाकून ठेवलं, तरी सकाळी त्याचा रंग तोच असतो.

आता चवीचं. पदार्थ शिजतो तो बिडाच्या जाडीमुळे, झाकणावरच्या नावामुळे नाही. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की ऊब सोडत नाही. एकाच मसाल्याचं मटण मी दोन्ही भांड्यांत मंद आचेवर दोन-दोन तास शिजवून पाहिलंय. घरात कुणालाही फरक ओळखता आला नाही. कांदा-खोबरं परततानाही दोन्हींच्या तळाला सारखीच तांबूस खरवड धरते, आणि पाणी घालून लाकडी उलथन्याने सोडवली की रश्श्याला तोच दाटपणा येतो.

मग चारशे डॉलरच्या वर पैसे कशाचे? ल क्रूझे ही फ्रेंच कंपनी 1925 पासून उत्तर फ्रान्समधल्या एका गावात ही भांडी ओतते. प्रत्येक भांड्यासाठी वाळूचा साचा नव्याने करायचा आणि ओतून झालं की तो मोडायचा. भांड्याची भिंत पातळ आणि एकसारखी ओतली, तर वजन कमी भरतं. माझं 26 सेंटीमीटरचं फ्रेंच भांडं झाकणासकट पाच किलोच्या थोडं वर आहे. जवळपास त्याच मापाचं स्वस्तातलं सहा किलोच्या पुढे जातं.

एका किलोने काय होतं, असं मलाही वाटायचं. मग आई साताऱ्याहून सहा महिने राहायला आली. तिच्या बोटांच्या पेरांत संधिवात आहे. स्वस्तातल्या भांड्याचे कान इतके लहान की फडकं धरलं तर जेमतेम दोन बोटं आत जातात. एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले, तर रिकामं भांडं ओट्यावरच होतं आणि आई त्यातलं खरकटं चमच्याने काढत बसली होती. "मला ते सिंकपर्यंत नाही गं नेता आलं," म्हणाली. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात आउटलेटमध्ये जाऊन झाकणावर बारीक डाग असलेलं फ्रेंच भांडं सवलतीत आणलं. त्याच्या कानांत तिची चारही बोटं बसली. भरलेलं ती उचलत नाही, ते मी करते. पण घासून, पुसून जागेवर ती स्वतः ठेवायची.

तेव्हा माझं उत्तर असं: मनगटं धडधाकट असतील तर स्वस्तातलं खुशाल घ्या. ऐंशी-शंभर डॉलरमध्ये उत्तम मिळतं. घरात कुणाचे हात दुखत असतील, तर मात्र जास्तीचे पैसे त्या कानांसाठी आणि कमी वजनासाठी द्या. रंगासाठी नको.

कुठलंही घेतलंत तरी इनॅमल म्हणजे काच, एवढं लक्षात ठेवा. रिकामं भांडं मोठ्या आचेवर तापवू नका. मध्यम आचेवर पाच मिनिटं थांबलात तर मोहरी छान तडतडते. तापलेल्यावर गार पाणी ओतू नका. सांडशी तर लावूच नका, ती काठ चावते. आणि आपली ती सवय, आमटी ढवळून झाली की डाव काठावर ठकठक आपटून झटकायचा! माझ्या स्वस्तातल्या भांड्याच्या काठाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका मीच असा उडवलाय. काठावरचा असल्याने कोरडं पुसून तेलाचं बोट लावते, गंज धरत नाही. तळाचा उडाला असता तर त्यात शिजवणं बंद केलं असतं, कारण तिथून काचेचे कण अन्नात जाऊ शकतात.

दुकानात जाताना घरचं जाड फडकं सोबत न्या. ते धरूनच दोन्ही कान पकडा आणि भांडं झाकणासकट उचला. घासणारं माणूस वेगळं असेल तर त्यालाही उचलायला लावा. बोटं आत शिरत नसतील तर ते परत ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी.