‘एफ’चा ‘जी’ होईपर्यंत : लेकीच्या उपचारांचा माझा अनुभव

लेक आता पुन्हा शाळेत जाते, रात्री झोपते, भांडतेसुद्धा. तरी विम्याच्या मंजुरीच्या त्या अर्जाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. आजार भयंकर होता, पण त्यावर औषध होतं आणि ते ओळखणारे डॉक्टरही भेटले. औषध आणि लेक यांच्या मध्ये आडवं आलं ते फाइलच्या पहिल्या पानावरचं एक अक्षर. या वाटेवर आज जे आईबाप उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूला येणारी एक प्रकारची सूज. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध (पेशींवरचे, संदेश पकडणारे रेणू) अँटिबॉडी तयार करते. आठवण, बोलणं, वागणं या सगळ्यासाठी हे रिसेप्टर लागतात. अँटिबॉडी चिकटल्या की पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेतात आणि मेंदूचं काम कोलमडतं. पण पेशी सहसा मरत नाहीत, म्हणून वेळेत उपचार झाले तर मूल परत येतं. जोसेप दालमाऊ हे न्यूरॉलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या अँटिबॉडींचा छडा लावला. त्याआधी किती मुलांवर नुसता वेडाचा शिक्का बसला असेल, हा विचार मला आजही सहन होत नाही.

आमच्याकडे सुरुवात साध्या तापाने आणि डोकेदुखीने झाली. ताप गेला आणि झोप उडाली. मग चिडणं, विनाकारण घाबरणं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं. नऊ वर्षांची शांत मुलगी मला ‘तू माझी आई नाहीस’ म्हणायला लागली. साहजिकच आम्हाला आधी मानसोपचार विभागात पाठवलं. तिथे भरती करताना निदानाच्या रकान्यात ‘एफ२३’ लिहिलं गेलं, म्हणजे अचानक सुरू झालेला तात्पुरता सायकोसिस, खऱ्या-खोट्याचं भान सुटणं. त्या दिवशी समोर जे दिसत होतं त्यावरून ती नोंद चुकीची म्हणता येणार नाही. पण तिथे दिलेल्या औषधाने लेक लाकडासारखी ताठ झाली, ताप चढला, बोलणं जवळजवळ बंद झालं, ओठ आणि जीभ आपोआप चाळवायला लागले. मग एका रात्री झटका (फिट) आला आणि न्यूरोचे डॉक्टर आले.

त्यानंतरचं भराभर झालं. एमआरआय नॉर्मल आला (या आजारात सुरुवातीला बऱ्याचदा येतो, त्याने हुरळूनही जाऊ नका आणि शंकाही सोडू नका). ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, मंदावलेला. पाठीतलं पाणी काढलं, त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. अँटिबॉडीची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये गेली आणि तिची वाट न बघता डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पुढची पायरी आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेलं इम्युनोग्लोब्युलिन. हे औषध फार महाग, त्यामुळे विम्याची मंजुरी आल्याशिवाय फार्मसी ते सोडत नव्हती.

आणि इथे आम्ही अडकलो.

अर्ज परत आला. शेरा असा की, हे औषध मानसिक आजारासाठी मंजूर करता येत नाही. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मानसिक आजार? मुलीला झटके येताहेत, तिच्या पाठीच्या पाण्यात सूज दिसतेय, न्यूरोच्या वॉर्डात ती पडून आहे! मग विम्याच्या टेबलावरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. अर्जाचं पहिलं पान भरतीच्या नोंदीवरून आपोआप तयार होतं आणि भरतीच्या नोंदीत होता एफ२३. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आयसीडी-१० मध्ये, एफने सुरू होणारे सगळे कोड मानसिक आजारांचे आणि जीने सुरू होणारे मज्जासंस्थेचे. एन्सेफलायटिसचा आमचा कोड असायला हवा होता जी०४ च्या घरातला. आत न्यूरोच्या पानोपानी नोंदी होत्या, पण अर्ज तपासणाऱ्याने पहिल्या पानापलीकडे काही पाहिलंच नव्हतं.

“मग बदला ना कोड,” मी म्हटलं.

“ताई, ज्या विभागाने भरती केलं, त्यांनाच तो बदलता येतो.”

मानसोपचार विभागात गेले. तिथले डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, “केस आता न्यूरोकडे आहे. आम्ही निदान कसं बदलणार?” न्यूरोच्या निवासी डॉक्टरांनी फाइल उघडून दाखवली, “हे बघा, आम्ही बरोबरच लिहिलंय.” रेकॉर्ड विभागात सांगितलं की अंतिम निदान डिस्चार्जच्या वेळी भरतात, तेव्हा ते आपोआप सुधारेल. पण डिस्चार्ज उपचारांनंतर, उपचार मंजुरीनंतर आणि मंजुरी कोड सुधारल्यावर. हे मी शांतपणे समजावून सांगितलं, मग तितकं शांतपणे नाही. कुणीही उद्धट बोललं नाही, याचाच मला जास्त राग येत होता. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरता बरोबर होता आणि लेक वरच्या मजल्यावर छताकडे बघत, हात विचित्र वळवत पडून होती.

मधल्या काळात अँटिबॉडीचा रिपोर्ट आला. रक्तात निगेटिव्ह, पाठीच्या पाण्यात पॉझिटिव्ह. इथेच एक महत्त्वाचं सांगते : फक्त रक्त तपासून कुणी ‘काही नाही’ म्हणालं तर थांबू नका. या आजारात पाठीच्या पाण्याची तपासणी जास्त भरवशाची असते, रक्तात अँटिबॉडी सापडत नाहीत असे रुग्ण असतात. आमच्याकडे डॉक्टरांनी दोन्ही नमुने एकाच वेळी पाठवले होते म्हणून निभावलं.

मला वाटलं, आता सुटलो. रिपोर्ट जोडून अर्ज पुन्हा गेला आणि पुन्हा परत आला. कारण पहिलं पान तेच! जोडलेला रिपोर्ट मागे, आणि पुढे एफ२३. त्या दिवशी मी विम्याच्या टेबलासमोर उभी राहून रडले. तिचा बाबा मला बाहेर घेऊन जायला लागला, पण मी हलले नाही. तिथे उभी राहिले म्हणूनच पुढचं कळलं. त्या बाईंच्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “जुना अर्ज दुरुस्त करायच्या मागे लागू नका. विभाग बदलल्याची नोंद घेऊन नवा अर्ज टाका.”

रुग्ण एका विभागातून दुसऱ्यात गेला की ट्रान्सफर समरी लिहितात. तिच्यावर नव्या विभागाचं निदान आणि नवा कोड येतो. आमची बदली मध्यरात्री झटक्याच्या गडबडीत झाली होती, त्यामुळे ती समरी लिहायचीच राहून गेली होती. निवासी डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ती लिहिली. वर स्पष्ट अक्षरात जी०४.८, खाली आजाराचं पूर्ण नाव.

सोबत मोठ्या डॉक्टरांचं पत्र हवं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, “डॉक्टर, ज्याला हा आजार माहीत नाही त्यालाही पटेल असं लिहा.” त्यांनी लिहिलेलं पत्र मी जपून ठेवलंय. त्यात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा आधार होता. त्या निकषांत लक्षणांचे सहा गट आहेत : वागणुकीतला किंवा आकलनातला बदल, बोलण्यातला बिघाड, झटके, शरीराच्या विचित्र हालचाली किंवा ताठरपणा, शुद्ध हरपत जाणं, आणि नाडी, रक्तदाब, श्वास यांच्यातली गडबड. तीन महिन्यांच्या आत यांतले चार गट दिसले, ईईजीत किंवा पाठीच्या पाण्यात दोष सापडला आणि दुसरं कारण नसलं, तर अँटिबॉडीच्या रिपोर्टआधीच आजार ‘संभाव्य’ धरता येतो. पाठीच्या पाण्यात अँटिबॉडी सापडल्या तर एक गटही पुरतो. डॉक्टरांनी प्रत्येक गटासमोर लेकीची तारीख लिहिली. त्या तारखा माझ्या वहीतल्या होत्या. झोप कधी उडाली, पहिला अडखळलेला शब्द कधीचा, ओठ कधी चाळवायला लागले, हे मी पहिल्यापासून टिपत आले होते आणि मोबाइलवर व्हिडिओही काढले होते. ती वही त्या पत्राचा कणा ठरली, याचा मला अभिमान आहे.

नवा अर्ज गेला तरी डॉक्टरांनी विमा कंपनीच्या डॉक्टरांशी थेट फोनवर बोलायची वेळ मागून घेतली. हे तुम्हीही मागा. टेबलावरचा माणूस कोड वाचतो, समोरचा डॉक्टर आजार ऐकतो. त्या फोननंतर मंजुरी यायला वेळ लागला नाही. बाटली लटकलेली पाहिली तेव्हा मी सिस्टरांचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एफ अक्षराची मला लाज नव्हती आणि नाही. मानसिक आजार असता तर तोही आम्ही तितक्याच ताकदीने निभावला असता. माझा राग एवढाच की त्या अक्षरामुळे चुकीचं दार उघडलं आणि बरोबर दार बंद राहिलं. उलट मानसोपचाराचे तेच डॉक्टर पुढे फार उपयोगी पडले. झोपेचं औषध जपून, अगदी थोड्या मात्रेने त्यांनीच बसवलं, आणि ताठरपणा आणणारं औषध पुन्हा देऊ नये हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. या आजारातल्या मुलांना सायकोसिसच्या औषधांचा असा त्रास होऊ शकतो, म्हणून भरतीच्या वेळीच ते कानावर घाला.

आयव्हीआयजी काही दिवसांत विभागून देतात. वेग हळूहळू वाढवतात, मध्ये डोकं दुखू शकतं, पाणी भरपूर पाजायचं. लेकीला पहिल्या दिवशी थंडी वाजून आली, वेग कमी केल्यावर थांबली. पोटाची सोनोग्राफी आणि ओटीपोटाचा एमआरआयही झाला, कारण मुलींमध्ये कधीकधी अंडाशयातली टेराटोमा नावाची गाठ या अँटिबॉडींच्या मुळाशी असते. लहान मुलींमध्ये ती क्वचितच सापडते, आमच्याकडे नव्हती.

सुधारणा पुरेशी दिसेना म्हणून नंतर रितुक्सिमॅब, म्हणजे अँटिबॉडी बनवण्यामागच्या बी पेशी कमी करणारं औषध, द्यावं लागलं. त्याची मंजुरी त्याच पत्राच्या जोरावर सहज झाली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त ते देण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करतात, ती आधीच करून ठेवा म्हणजे तेवढ्यासाठी तारीख पुढे जाणार नाही.

बरं होणं सरळ रेषेत नसतं. आधी झटके आणि हालचाली कमी झाल्या, मग शुद्ध नीट आली, मग शब्द. वागणं सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर कित्येक महिने ती क्षणात रडायची, क्षणात ओरडायची, एका जागी बसायची नाही. स्टेरॉइडमुळे भूक आणि चिडचिड दोन्ही वाढतं, तेव्हा प्रत्येक चिडीला ‘आजार उलटला’ म्हणून घाबरायचं नाही. पण स्टेरॉइड मनाने कमी किंवा बंद अजिबात करायचं नाही. डॉक्टरांनी आम्हाला २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं : दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्णांची प्रकृती चांगली होती आणि दोन वर्षांत आजार उलटायचं प्रमाण १२ टक्के. पहिला आकडा मी रात्री झोपताना आठवायचे. दुसऱ्यासाठी वही अजून चालू आहे : झोप, बोलणं, हात.

भरतीच्या पहिल्या पानाची प्रत मागा, हे आधी लिहायला हवं होतं. मागायला संकोच करू नका. निदानाचा रकाना बघा, आणि विभाग बदलला की ट्रान्सफर समरी लिहिली का हे त्याच दिवशी विचारा. ‘वर्तणुकीची तक्रार’ एवढंच लिहिलं असेल तर झटका, ताप, हालचाली यांचीही नोंद करायला सांगा. टेबलावर जाल तेव्हा माणसाचं नाव आणि वेळ लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी दुसराच माणूस बसलेला असतो आणि तुम्हाला पहिल्यापासून सांगावं लागतं.

शाळेत परतताना अर्धाच दिवस पाठवा. लेकीला सुरुवातीला वाचलेलं लक्षात राहायचं नाही, परीक्षेत जादा वेळ लागला. न्यूरोसायकॉलॉजीची (आठवण, लक्ष, विचार यांची) चाचणी करून घेतली तर शाळेला नेमकं काय कमी पडतंय ते लेखी दाखवता येतं.

आणि लसी. आयव्हीआयजीमध्ये दात्यांच्या अँटिबॉडी असतात, त्यामुळे गोवर, रुबेला, कांजिण्या यांच्या लसी त्यानंतर बरेच महिने नीट काम करत नाहीत, त्या पुढे ढकलतात. रितुक्सिमॅबनंतर प्रतिकारशक्ती परत येईपर्यंत जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची) देत नाहीत. शाळेच्या फॉर्मवर लसीचा रकाना रिकामा दिसला की तो फॉर्म परत येतो, म्हणून डॉक्टरांचं पत्र पहिल्याच दिवशी सोबत जोडा.